वायरमन शांतवनची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. बाजाची पेटी. माझा जन्म कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका कारागिराच्या हातून झाला. त्याने सागवानाला रंधा मारला, कातड्याचा भाता चिकटवला आणि एकेक सूर कानाशी लावून घासला. पहिल्यांदा वाजले तेव्हा तो नुसताच हसला. ती माझी पहिली शाबासकी.

मित्रांनो, मला घरी आणले शांतवनने. तो विजेच्या खात्यात वायरमन होता आणि रविवारी चर्चमध्ये गाणी वाजवायचा. जयंती नाल्याजवळच्या गल्लीत माडीवर त्याचे बिऱ्हाड होते. रोज दिवेलागणीला तो हातपाय धुऊन माझ्यापुढे बसे. बायको सरोजिनी आणि छोटी अनुजा शेजारी बसत. एक गीत, बायबलातला एक उतारा, मग प्रार्थना. इतकेच असायचे. पण ते कधी चुकत नसे. खालच्या मजल्यावरची बायडाबाई म्हणायची, "तुमची पेटी वाजली की मी भाकरीचा तवा ठेवतो."

अनुजा मोठी झाली आणि कॉलेजात जाऊ लागली. लहानपणी बाबांनी माझ्या पट्ट्यांवर शिकवलेली गाणी तिने सोडून दिली. प्रार्थनेच्या वेळी ती आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसे. दिवसभर माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असायचा. संध्याकाळी शांतवन तो ढीग मुकाट्याने खाली ठेवायचा आणि भाता उघडायचा.

मग महापूर आला. गावोगाव खांब आडवे झाले होते, म्हणून शांतवनला कागलच्या पुढे कामावर धाडले. जाताना तो म्हणाला, "दोन दिवसांत येतो. तुम्ही आपलं रोजचं सोडू नका." त्यानंतर रस्ते बंद झाले, वीज गेली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. नाल्याचे पाणी गल्लीत शिरले. बायडाबाई भांडी आणि गाठोडे घेऊन माडीवर आली. कामावरच्या एका वायरमनवर झाड पडले, असे कुणीतरी नावेतून ओरडून सांगितले. त्या वायरमनचे नाव मात्र सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते.

संध्याकाळ झाली. सरोजिनीने कंदील पुसून लावला, माझ्यावरचे कपडे उचलले आणि सतरंजी अंथरली. शांतवनची जागा तिने मोकळी ठेवली.

अनुजा भडकली. "आई, बाबांचा पत्ता न्हाय आणि तुला गाणं सुचतंय?"

"सुचत न्हाय, म्हणूनच म्हणायचं," सरोजिनी म्हणाली. "आज मला देवाशी काय बोलावं तेच कळंना झालंय. रोजचे शब्द तोंडात हायत, तेवढेच बोलतो. पुढचं त्यो बघंल."

बायडाबाई पदर सावरून पुढे सरकली. "मला तुमचं गाणं येत न्हाय बाई. हात जोडून बसतो की."

सरोजिनीने गीत सुरू केले. दुसऱ्याच ओळीला तिला रडू आले आणि गीत थांबले. तेव्हा अनुजा उठली आणि माझ्यापुढे येऊन बसली. तिने भाता उघडला. तिची बोटे चुकत होती, दमट हवेने माझे सूरही चिकटले होते. तरी आम्ही दोघींनी ते गीत शेवटपर्यंत नेले. प्रार्थनेत सरोजिनी एवढेच म्हणाली, "प्रभू, आमचा माणूस तुझ्या हाती हाय. आम्ही पण."

मित्रांनो, त्या गाण्याने पाणी उतरले नाही. फोनही वाजला नाही. पण त्या घरातली माणसे जेवली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अनुजाने स्वतःच सतरंजी अंथरली. निरोप येईपर्यंत त्या रोज तशाच बसत राहिल्या.

झाड शांतवनवरच पडले होते. तो जगला. प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवून तो घरी आला, तेव्हा सरोजिनी दारातच खाली बसली आणि पोटभर रडली. पण त्या हाताची बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. प्लास्टर निघाल्यावर तो माझ्यापुढे बसला, पट्ट्यांवर बोटे टेकवली आणि मान खाली घातली. एकही सूर निघाला नाही.

"बाबा, सरका जरा," अनुजा म्हणाली. "डावा हात चांगला हाय न्हवं? तुम्ही भाता मारा. पट्ट्या मी बघतो."

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझे दोन सूर बसके निघतात. मला ओलीपासून जपा, माझ्यावर ओझे ठेवू नका, एवढे तर मी मागेनच. पण तुमच्या घरी रोज सगळ्यांनी मिळून बसायची एखादी वेळ असेल, तर तिला माझ्याहून अधिक जपा. सुखाच्या दिवसांत ती कंटाळवाणी वाटेल. वाटू द्या. पायाखालची वाट दिसेनाशी होते, तेव्हा तीच आपल्याला देवापाशी नेऊन बसवते.

आमच्याकडे आजही दिवेलागणीला गीत होते. शांतवन भाता मारतो, अनुजा पट्ट्या दाबते. बाप घाई करतो, लेक मागे राहते, आणि सरोजिनी म्हणते, "थांबा, पहिल्यापासनं घ्या." मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.