मिस्त्रीची पहिली भाकर

शेवटचा टेकू हातोडीनं पाडला आन् ज्ञानोबा मिस्त्री असा पळाला की चप्पल आत, माणूस रस्त्यावर. त्याचा वारा लागून समोरच्या शिकवणीचा बोर्ड गर्रकन फिरला म्हणत्यात. स्लॅब मात्र जागचा हलला न्हाई.

"मिस्त्री, स्लॅब हितंच हाय. तुमी कुठं चालले?" सेंट्रिंगवाला नरसिंग म्हणला.

लातुरात पोरींच्या हॉस्टेलचं बांधकाम चालू व्हतं. टेकू निघाले की मिस्त्रीनं पहिली भाकर त्याच स्लॅबखाली बसून खायची, ही ज्ञानोबाच्या वस्तादाची रीत. ज्ञानोबा ती भाकर आठ वर्षं उंबऱ्यावर खात व्हता, भूकंप झाला तवापासून. त्या पहाटे घराचं माळवद आईवर पडलं आन् अंगणात निजलेला हा वाचला. लोकांना पक्की छतं घालून दिली, आपली बाज मात्र उघड्यावर. थंडीत त्याचे दात वाजले की अहमदपूरपस्तोर ऐकू जायचं.

आता अडलं ते लेकीचं. मनिषा दहावीला चांगल्या मार्कानं पास झाली. हॉस्टेलचे मालक विरूपाक्षअण्णा यांनी खालची खोली देऊ केली. राखण करा, हितंच ऱ्हावा, पोरीची शिकवणी हाकेवर हाय म्हणले. अट मात्र एकच घातली.

"मिस्त्री, तुमी बाहेर बाज टाकून निजले तर आपली लेक हितं कोण ठिवंल? बांधणाराच भितो म्हणतील. पंधरा दिवसांत सांगा."

न्हाईतर मनिषा शिरूर अनंतपाळला मावशीकडं, आन् शिकवणी संपली.

ज्ञानोबाची बायको सुमनबाई याच बांधकामावर पाणी मारायची. मालक कितीबी घाई करू दे, नव्या सिमेंटला रोजच्या रोज पाणी पाजावंच लागतं, हे तिच्याएवढं कुणाला ठावं? खोलीत शहाबादी फरशी बसली, त्या दुपारी तिनं डबा उंबऱ्याच्या आत पहिल्या फरशीवर ठिवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या.

ज्ञानोबा उंबऱ्यावर बसून हात लांबवायचा. चौथ्या दिवशी हात पुरंना, तवा बूड सरकलं. सहाव्या दिवशी वर स्लॅबकडं बघत जेवला. निम्मं कालवण मिशीनं खाल्लं. डबा तेवढाच पुढं ठिवून सुमनबाई भाकर मोडायची.

मनिषा आत पुस्तक घेऊन बसायची. आठव्या दिवशी ती एका गणिताला अडली. आडव्या दांडीवर वजन ठिवलं तर दोन्ही टोकांना किती भार येतो, असलं कायतरी. ज्ञानोबानं दोन वाट्यांवर भाकरीचा तुकडा आडवा ठिवला, वर कांदा ठिवला आन् सांगत सुटला. त्या नादात सरकत सरकत लेकीच्या वहीपाशी जाऊन बसला. ध्यानात आलं तवा कपाळाला घाम फुटला. पण उठला न्हाई. गणित पुरं करूनच बाहेर आला.

अकराव्या दिवशी सुमनबाई फडकं मारायला लवकर आली. वाकून बघते तर फरशीच्या कडेला मिस्त्रीच्या पेन्सिलीची बारीक फुली. मागची फरशी बघितली, तिथंबी. पार उंबऱ्यापस्तोर रोजची एक फुली. गडी पहिल्या दिवसापासून मोजत व्हता, आन् तिला वाटायचं आपण लई हुशार.

ती पुढं सरकली. डबा अजून पोचलाच न्हाई अशा भिंतीलगतच्या जागेवर चार फुल्या व्हत्या. दोन भिंतीकडं, दोन अलीकडं. मधलं अंतर तिनं हातानं मापलं आन् बसून ऱ्हायली.

दारातून ज्ञानोबाचा आवाज आला.

"ते पुसू नको."

"काय हाय ते?"

"माप हाय."

तिनं फडकं त्या चार फुल्यांना वळसा घालून फिरवलं. मग बाहेरच्या बाजंकडं बघून लेकीला हाक मारली.

"मनिषा, बाजंला एक हात लाव गं."

ज्ञानोबा दोघींच्या आधी पुढं झाला. चप्पल बाहेर, माणूस आत.