तेवन पाण्याखाली असताना

"नवं मुंडू आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही," अवीरा होडीतूनच म्हणाला आणि केळीच्या पानात बांधलेली कोऱ्या पंचाची पुडी त्याने आमच्या अंगणात टाकली. मागोमाग एक झाकलेलं मडकं काठावर ठेवलं.

माझ्या नवऱ्याने, तेवनने, दोन्हीला हात लावला नाही.

"हे कशाला?"

"तंब्राननी पाठवलंय. भात आहे, वर करीमीन मासा. पोटभर खा आणि चल. एकटाच चल. बाकीची माणसं तिथे आहेत."

माझी सासू कुरुंबा दारात बसली होती. ती म्हणाली, "पंधरा वर्षं हा तुमचा चिखल काढतोय. कधी पेजेचं पाणी पाठवलं नाहीत. आजच बरा पुळका आला?"

"म्हातारे, तुझी जीभ बांधात घातली असती तर बांध फुटलाच नसता," अवीरा हसला.

आम्ही कुणीच हसलो नाही.

अवीरा तरकनांचा कारभारी. तरकन म्हणजे आमचे जमीनदार, आमचे तंब्रान. ज्या बांधावर आमची झोपडी होती तो बांधही त्यांचाच. आमच्या कुट्टनाडात शेतं पाण्याच्या खाली असतात. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, आणि मधल्या कायलात, म्हणजे खाडीसारख्या उथळ पाण्यात, बांध घालून, आतलं पाणी उपसून, तळावर भात पेरायचा. बांधाच्या एका बाजूला होडी चालते आणि दुसऱ्या बाजूला, तिच्या तळापेक्षाही खाली, रोपं उभी असतात. आता त्या बांधावरून डांबरी रस्ता गेलाय. तेव्हा नुसता चिखल होता, आणि तो चिखल कायलाच्या बुडातून माणसं हाताने काढत. तेवन त्यांतला एक. बुडी मारायची, दोन्ही हातांनी कवळाभर चिखल उचलायचा आणि वर येऊन होडीत टाकायचा. दिवसातून दोनशे वेळा, अडीचशे वेळा. त्याच्याइतका वेळ पाण्याखाली राहणारा दुसरा कुणी नव्हता.

डोंगरात पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी पाणी आमच्याकडे पोचतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ते पोचलं आणि तरकनांचा मोठा बांध फुटला. पेरणीला तेरा दिवस झाले होते. दोन दिवस माणसं झटत होती, भगदाड बुजत नव्हतं. फुटलेला बांध माणूस मागतो, असं आमच्यात सगळेच म्हणत. मोठ्याने कुणी म्हणत नसे.

तेवनने अर्धा भात आईला दिला. तिने पानाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुझ्या आज्यालाही असंच कोरं मुंडू आलं होतं," ती म्हणाली. "माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हा. सासऱ्यांनी ते नेसून दाखवलं आम्हाला. हौसेने. मग गेले."

"आई, पुरे."

"चर्चला मेणबत्त्या गेल्या? देवीला तेल? मशिदीला साखर?"

"गेलं सगळं," तेवन म्हणाला.

"तिन्हीकडे देऊन झालं. आता बांधालाच द्यायचं राहिलं."

तरकन ख्रिस्ती होते, पण बांध फुटला की ते तिन्ही ठिकाणी पाठवत. पाणी कुणाचं ऐकेल याचा त्यांनाही भरवसा नसे.

"जाऊ नका," मी म्हणाले.  मी एकोणीस वर्षांची होते.

"न जाऊन राहायचं कुठे, चिरुता?" तेवन हळूच म्हणाला. जुनंच फडकं कमरेला घट्ट करून तो होडीत बसला. अवीराने मुंडू उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

होडी वळणाआड गेल्यावर मी शेजारच्यांची लहान होडी सोडली. सासूने अडवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "वर राहणाऱ्या कुणाला तरी सांग."

आमच्याकडे माणूस पाण्यापासून किती हात वर राहतो, यावरून त्याची जात कळे. आमच्या उंबऱ्याला पाणी लागायचं. त्याच्या वर ताडी काढणारे, त्यांच्या वर देवळाच्या टेकाडावरचे नायर, आणि चर्च तर घडीव दगडांच्या जोत्यावर. देवळाच्या पहिल्या पायरीशी होडी लावली तेवढ्यात वरून ओरड आली, "तिथेच! वर येऊ नकोस!" मी तिथूनच सांगितलं. वरचा माणूस म्हणाला, "देवीने कोंबडा मागितलाय, माणूस नाही," आणि आत गेला. मला तेवढ्याने धीर यायला हवा होता. आला नाही.

चर्चच्या आत तरकनांच्या नावाच्या सात जाड मेणबत्त्या जळत होत्या. मी दाराबाहेर उभी राहिले. पाद्री बाहेर आले. त्यांना सगळे अच्चा म्हणत.

"अच्चा, माझ्या माणसाला बांधात घालणार आहेत."

"कुणी सांगितलं तुला?"

"कोरं मुंडू आलंय. माशाचा भात आलाय."

त्यांनी वर छपराकडे बोट केलं. "तरकन देवाला भिऊन वागणारा माणूस आहे. या छपराची कौलं त्यानेच दिलीत. असलं काही आता होत नाही."

"आता होत नाही म्हणजे आधी व्हायचं?"

 "जा, प्रार्थना कर," ते म्हणाले.

मोठ्या प्रवाहात माझी होडी गरगर फिरू लागली.  तेवढ्यात मिठाची होडी दिसली. अलेप्पीचा मैतीन इक्का, म्हणजे मैतीनदादा, महिन्यातून एकदा मीठ आणि सुकी मासळी घेऊन यायचा.

"ए पोरी! मरायचंय का?" तो ओरडला. "कुठे निघालीस?"

"इक्का, भगदाडावर. तेवनला नेलंय."

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने माझी होडी दोराने आपल्या होडीला बांधली.

"मी व्यापारी माणूस," वल्हं मारता मारता तो म्हणाला. "तरकन माझं मीठ घेतात. त्यांच्यापुढे माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, आधीच सांगून ठेवतो. तुला तिथवर पोचवीन, बस." आणि त्याने तसंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही, पण परतही फिरला नाही.

भगदाड मी आधी ऐकलं, मग बघितलं. कायलाचं पाणी गर्जत शेतात कोसळत होतं. ताडाच्या खांबांच्या दोन ओळी आडव्या रोवून झाल्या होत्या, त्यांना आतून बांबूचे तट्टे लावले होते. मधली जागा दोन हात रुंद. ती चिखलाने भरली की बांध उभा राहणार. पण तळाशी एक तट्टा उचकटला होता आणि जेवढा चिखल टाकावा तेवढा खालून धुऊन जात होता. बांधावर चाळीस माणसं डोक्यावर चिखलाचे गोळे घेऊन ओळीत उभी होती. पलीकडे छत्रीखाली तरकन. पुजारी कुठे दिसेना, सुरासुद्धा दिसेना. मला वाटलं, मी उगीच भ्याले.

मी होडीतून बांधाच्या कडेच्या चिखलात उतरले. तेवन त्या दोन हात रुंद जागेत उतरत होता.

"खाली जाऊन तट्टा दाबून बसव, पाचर मार, वर ये," अवीरा सांगत होता. तेवनने बांधावरच्या माणसांकडे बघितलं. मला त्याने बघितलं नाही. छातीत हवा भरून तो खाली गेला.

पाण्याचा आवाज बदलला. गर्जना एकदम बसली. तट्टा जागेवर आला होता.

"बसला! पाणी थांबलं!" अवीरा ओरडला. "टाका! आत्ता टाका, परत उचकटायच्या आत!"

तेवन अजून खाली होता.

तेव्हा मला कळलं की सुरा लागत नाही, पुजारी लागत नाही. फक्त घाई लागते. आज्याचंही असंच झालं असणार. अवीराने ते ठरवून केलं की पाण्याच्या भीतीने, हे मला आज ऐंशी वर्षं उलटल्यावरही सांगता येत नाही.

ओळीतल्या माणसांनी गोळे डोक्यावरून उचलले. बांधावर चिखल टाकताना एक जण ओळ गातो, बाकीचे तिचा शेवटचा शब्द म्हणतात आणि त्या शब्दावर सगळे हात एकदम सुटतात. लहानपणापासून हातांना तीच सवय. नेहमी ओळ गाणाऱ्या म्हाताऱ्या पल्लनने तोंड उघडलं. त्याच्या आधी मी उघडलं.

लावणीच्या वेळी बायकांची ओळ मीच उचलायची, माझा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. गुडघाभर चिखलात उभी राहून मी ओळ गायले, शेवटच्या शब्दापाशी आले, आणि तो शब्द म्हटलाच नाही. त्याच्या आधीचा सूर धरून ठेवला.

चाळीस जोड हात वर उचललेले. एकही सुटला नाही.

"टाका रे! तिचं काय ऐकताय?" अवीरा किंचाळला. त्याने समोरच्याला ढकललं. तो माणूस डगमगला, पण गोळा त्याने वरच धरला. पल्लन माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. पण मालक समोर उभे असताना ‘थांबा’ म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. सूर होता म्हणून ते थांबले होते, एवढंच.

सूर म्हणजे श्वास. तेवनचा मोठा होता, माझा नव्हता. माझ्या कानांत भणभणायला लागलं. पोट पाठीला लागलं. डोळ्यांपुढे ते चौकोनी पाणी काळं होत गेलं. त्यावर एक बुडबुडा आला, मग तोही नाही. आवाज कापायला लागला. वर उचललेले हातही कापायला लागले. मी सूर सोडला असता तर पल्लनला शब्द घ्यावाच लागला असता.

छत्रीखालून कुणीतरी काहीतरी म्हणालं. मी तिकडे बघितलं नाही. माझ्या गळ्यात आता सूर नव्हता, नुसती घरघर होती.

आणि पाणी फुटलं. आधी डोकं, मग खांदे. ओठ निळे, नाकातून रक्त, डोळे उघडे पण कुणालाच न बघणारे. आपण वर येईपर्यंत कुणी थांबलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. पाण्याखाली काही ऐकू येत नाही.

त्याच्या दोन्ही हातांत चिखल होता. तो काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तळाशी गेलेले त्याचे हात रिकामे वर आलेच नव्हते कधी. श्वास घेण्याआधी त्याने तो चिखल बांधाच्या कडेवर ठेवला, तळहाताने दाबून नीट बसवला आणि मग तोंड उघडलं.