ऑर्डेलची वायरिंग

ऑर्डेल होगन जन्मभर बायकोशी भांडला तो एकाच गोष्टीवरून, घराची ऊब ठरवणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवरून. मार्लिसनं आकडा सत्तर फॅरनहाइटवर नेला की हा पठ्ठ्या तो बासष्टवर आणणार, आणि वर विचारणार, "स्वेटर काय शोभेला घेतलाय?" असला चिकट माणूस थंडगार, काटकसरी मिनेसोटातसुद्धा शोधून सापडायचा नाही. नोव्हेंबरात तो गेला आणि जानेवारीत थर्मोस्टॅटनंही मान टाकली.

नेमकी त्याच दिवशी त्यांची लेक जनेल तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच यायची होती. तिनं फोनवर बजावलंच होतं, "आई, घर गार असेल तर मी बाळाला आत आणणार नाही. सरळ मोटेलवर जाईन." बाहेर शून्याखाली वीस. मार्लिसनं नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं, आणि आज घ्यायचंच होतं.

तिनं नवा थर्मोस्टॅट आणला, जुना भिंतीवरून उपटला. पाच रंगांच्या वायरी लोंबू लागल्या. सोबतच्या कागदात होतं तसं तिनं केलं, तांबडी आर अक्षराला, पांढरी डब्ल्यूला. आकडा सत्तरवर नेला. तळघरात टच्‌ असा आवाज झाला आणि घर तापवणारी तिथली भट्टी थंडच राहिली.

शेजारच्या वर्न लिंडस्कॉगला तिनं फोन लावला. तो खेकसलाच.

"रंगावर गेलीस? अगं, ऑर्डेलच्या घरात रंगावर जातात होय! त्यानं कोठारातली उरलीसुरली वायर आत घातलीय. जुन्या डबीवर कुठली वायर कुठल्या अक्षराला होती?"

"ते बघायच्या आधीच सोडवल्या रे."

"धन्य आहेस! फोटो तरी काढलास?"

"फोटो कसला डोंबलाचा!"

"आता कशालाच हात लावू नकोस. दारातलं बर्फ उपसतो नि येतो."

मार्लिस कोट घालून वायरींसमोर बसली. घरातच तोंडातून वाफ निघायला लागली. जनेल अर्ध्या वाटेवर पोचली असणार. मार्लिसला रडूही आलं आणि संतापही आला.

"अरे मेल्या," ती भिंतीकडे बघून ओरडली, आणि तिनं जीभ चावली. मेला तर तो खरंच होता. "मला गारठवलंस ते गारठवलंस. नातीला तरी दारातून परत धाडू नकोस. कुठली वायर, सांग ना!"

ती एकेक वायर चाचपू लागली. तांबडी गार, पांढरी गार, हिरवी, पिवळी गार. निळी मात्र कोमट होती, कुणीतरी इतका वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी.

मार्लिसनं झटकन हात मागे घेतला. तरी तिनं निळी डब्ल्यूला लावली, पांढरी काढून दुसरीकडे सरकवली. खाली भट्टीनं धप्‌ करून पेट घेतला.

वर्न आला तेव्हा घर ऊबदार झालं होतं. "मग मला कशाला बोलावलंस?" म्हणत तो तळघरात उतरला, मागोमाग मार्लिस. भट्टीचं झाकण काढलं की ती आपोआप बंद पडते. वर्ननं झाकण काढलं. ती चालूच राहिली. त्यानं आत वाकून बघितलं आणि एक पाऊल मागे आला.

"मार्लिस, फ्यूज उडालाय. जळून काळा पडलाय. ही चालूच शकत नाही."

त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. ज्योत तशीच. गरम हवा वर ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज तर आणखी वाढला.

"हे काही खरं नाही," वर्न म्हणाला. "जनेलला सांग, मोटेलवर जा. त्या पोरीला या घरात आणू नका."

तेवढ्यात अंगणात गाडी वळल्याचा आवाज आला.

मार्लिसनं भट्टीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. वर्नसमोर बोलायची तिला लाज वाटली, पण बोलली.

"ऑर्डेल, पुरे आता. केलंस तेवढं पुष्कळ झालं. बाळ यायचं असेल तर तुला जावं लागेल रे. जा तू. मी बघते तिच्याकडे."

पंखा एकदा अडखळला. ज्योत बारीक होत गेली आणि विझली. तळघरात इतकी शांतता पसरली की वर्ननं टोपी काढली.

मग त्यानं ट्रकमधून फ्यूज आणला, बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं. भट्टी सुरू झाली, चारचौघींच्या घरात होते तशी.

वर जनेल बाळाची दुपटी सोडत होती. "वा, काय छान ऊब आहे गं!" म्हणत तिनं लेकीला आईच्या हातात दिलं. मार्लिसनं नातीला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडायला लागली. अंत्यविधीलासुद्धा ती अशी रडली नव्हती.

"आई, काय झालं?" जनेल घाबरली.

"तुझे बाबा गेले गं," मार्लिस म्हणाली. "आत्ताच गेले."