अक्षरं मोठी, बटणं तेवढीच

आमच्या डिझायनरला ऑफिसात सगळे मिलिमीटर म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही. दवाखान्याच्या ॲपमधली अक्षरं त्याने खिळे ठोकल्यासारखी एकाच मापात बसवली होती. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं कितीही मोठी करा, आमचं ॲप ढिम्म! ॲप तपासणं हे माझं काम, त्यामुळे मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. शेवटी वैतागून त्याने अक्षरं मोकळी सोडली. बटणं मात्र होती तेवढीच ठेवली.

"अरे, अक्षरं वाढली की बटणही वाढायला नको?"

"पडद्याचा तोल जातो," म्हणे.

मी तक्रार नोंदवली, त्याने ती किरकोळ ठरवून बाजूला सारली. भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं.

इकडे आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. ती फक्त ॲपवर नक्की करायची होती. मी करते म्हटलं, तर आई फणकारली, "आता मोठं दिसतंय ना? मग माझं मी करीन." संध्याकाळी तिचा फोन आला. "केलं बाई! कुण्णाला विचारलं नाही." तिचा आवाज ऐकून मलाच भरून आलं.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात पोहोचलो, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "ही तारीख तुम्हीच ॲपवरून रद्द केलीत की." आता पुढची तारीख तीन महिन्यांनी. आईचा चेहरा एवढासा झाला. माझं टाळकं सरकलं. तिलाही सोबत घेऊन मी टॅक्सीने तडक ऑफिस गाठलं.

आईचा फोन मिलिमीटरपुढे आदळला. नव्या तारखेखाली दोन बटणं होती, एक नक्की करायचं, एक रद्द करायचं, दोन्ही एकाच रंगाची. वरच्यावर लिहिलं होतं, 'अपॉइंटमें…'. खालच्यावरही, 'अपॉइंटमें…'.

"नक्की कर," मी म्हणाले.

बटणांची जागा त्याने स्वतःच इतक्यांदा बदलली होती, की आता त्यालाही आठवेना. बोट वरच्यावर गेलं, खालच्यावर आलं, परत वर गेलं.

"दाब ना! तूच केलंयस."

"पुढचं… दिसत नाहीये," तो पुटपुटला.

आईने माझी बाही ओढली. "त्याच्यावर कशाला ओरडतेस गं?" ती हळूच म्हणाली. "एवढ्याशा वयात मोतीबिंदू झालाय बिचाऱ्याला."