बेल्त्साचं घर

गार्बिन्येने सवयीने दोन पेले काउंटरवर ठेवले आणि दोन्हींत बोटभर तांबडी वाइन ओतली. बिट्टोरने त्यातला एक तिच्याकडे परत सरकवला.

"बेल्त्सा आजपण नाही?"

"नाही."

"नववा दिवस ना रे?"

"मोजायला तू आहेसच की!" बिट्टोर खेकसला, आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. चाळीस वर्षं ही बाई एकटीने हा बार ओढत होती. तिच्यावर खेकसून बेल्त्सा थोडाच येणार होता?

दुपारचे साडेबारा वाजले होते. जुन्या गावातल्या सहा बारची फेरी रोज याच वेळी सुरू व्हायची आणि गार्बिन्येचा बार पहिला. एका बारमध्ये एक पेला, काडीला टोचलेला एक घास, तोही उभ्या उभ्या, की निघालं टोळकं पुढच्या दारात. बसायचं नाही, रेंगाळायचं नाही आणि घरचं रडगाणं गायचं नाही. टोळक्यातल्या कुणी कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. घर बायकांचं, रस्ता टोळक्याचा, असा सगळा खाक्या. एकेकाळी नऊ गडी होते. एकेक करत सात जण गेले आणि उरले दोघं, बिट्टोर आणि बेल्त्सा. बेल्त्सा म्हणजे त्यांच्या भाषेत काळ्या. तरुणपणी कोळशाच्या वखारीत कामाला होता म्हणून कुणीतरी हाक मारली, ती चिकटली ती चिकटलीच.

शेजारी परदेशी पाहुणे लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे बशा भरभरून घेत होते. बिट्टोरने काडीवरचं ऑलिव्ह, खारवलेली मासळी आणि मिरची एकदम तोंडात टाकली. चव लागली नाही.

पाचव्या दिवशी तो इस्पितळात जाऊन आला होता. खिडकीमागच्या पोरीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"बेल्त्सा."

"पूर्ण नाव, आजोबा. आडनाव काय?"

बिट्टोर आठवू लागला. बावन्न वर्षांची दोस्ती! बेल्त्साचा कुठला गुडघा दुखतो ते त्याला ठाऊक होतं. फुटबॉलच्या कुठल्या सामन्याला तो पोरासारखा रडला होता तेही ठाऊक होतं. आडनाव तेवढं ठाऊक नव्हतं. मागे रांग उभी होती, म्हणून तो बाजूला झाला.

सहाव्या दिवशी तो नदीच्या पलीकडे गेला. बेल्त्सा रोज त्या पुलावरून यायचा, एवढाच काय तो माग. दारोदार घंटांशेजारची नावं वाचत तो संध्याकाळपर्यंत हिंडला. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या चौकटीही तो रोज वाचत होता. पण शोधणार तरी कुठलं नाव? फोटो काही सगळ्यांचे छापत नाहीत.

"एक विचारू का?"

काळा कोट घातलेली पन्नाशीची एक बाई काउंटरपाशी उभी होती. तिने गार्बिन्येपुढे मोबाइल धरला. "माझे वडील इथे यायचे का हो? त्यांच्या कोटाच्या खिशात तुमच्या बारचे कागदी रुमाल सापडले."

गार्बिन्येने फोटो पाहिला आणि मोबाइल बिट्टोरकडे वळवला. वाढदिवसाच्या केकमागे बेल्त्सा ओशाळं हसत होता.

"आंतोनियो उर्कोला," बाई म्हणाली. "परवा माती दिली त्यांना."

आंतोनियो. बिट्टोरने ते नाव मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. कुणा परक्याचं वाटत होतं.

"तुम्ही त्यांच्या टोळक्यातले?"

"हो."

"आणि बाकीचे?"

"मीच आता."

"अच्छा." तिने कोटाचं बटण उगाच काढलं आणि पुन्हा लावलं. "आम्हाला वाटायचं, केवढं मोठं टोळकं असेल! बाबा पाच-सहा दिवस अंथरुणावर होते. डॉक्टर कळकळीने सांगत होते, इस्पितळात चला. पण ऐकतील तर ना! म्हणायचे, मी चार दिवस दिसलो नाही की पोरं घरी येतील, तेव्हा मी घरात नको? दाराची घंटा वाजली की मान उचलायचे. दर वेळी पोस्टमन, नाहीतर शेजारीण."

बिट्टोरने काउंटरची कड धरली.

"चर्चमध्ये आम्ही पाच जण होतो, पाद्री धरून," ती म्हणाली. आता तिच्या आवाजाला धार आली होती. "का नाही आलात तुम्ही?"

"अगं बाई, हा तर गेले नऊ दिवस—" गार्बिन्ये बोलू लागली. बिट्टोरने तिचं मनगट घट्ट दाबलं.

खरं सांगितलं असतं तर तो सुटला असता. पण मग या पोरीला काय कळलं असतं? तिचा बाप बावन्न वर्षं ज्यांच्यात उभा राहिला, त्यांतल्या एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं. ज्या घंटेकडे तो कान लावून पडला होता, ती वाजणारच नव्हती. हे ओझं घेऊन तिने घरी जायचं? त्यापेक्षा एक मित्र नालायक निघाला, हे पचायला सोपं.

"मी गावाला गेलो होतो," बिट्टोर म्हणाला. "बहिणीकडे. काल आलो."

"कळलं होतं तुम्हाला, ते आजारी आहेत म्हणून?"

"कानावर आलं होतं. जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं."

"राहून गेलं!" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "जिवाभावाची माणसं म्हणायचे तुम्हाला."

मोबाइल पर्समध्ये टाकून ती पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. गार्बिन्येने तिच्यासाठी भरलेला पेला तसाच राहिला.

मग गार्बिन्येने विचारलं, "तुला बहीण आहे, बिट्टोर?"

"नाही."

"दुसरं कुणी?"

त्याने मान हलवली.

"तू राहतोस कुठे रे?" तिने एक कागदी रुमाल पुढे ओढला. "नीट पत्ता सांग. लिहून घेते मी."

बिट्टोरने उरलेली वाइन एका घोटात संपवली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"पुढच्या बारला उशीर होतोय," तो म्हणाला, आणि निघाला.