बिब्ब्याचा डाग

"हे काळं कधीपासून आहे?" बिदरच्या दवाखान्यात डॉक्टर मंजुश्रीने धनराजची टाच हातात धरून विचारलं.

"बिब्ब्याचा डाग हाय बाई त्यो," कमलबाई नवऱ्याच्या आधी बोलली.

"तो महिनाभरात कातडीबरोबर निघून जातो. हा गेला?"



मंठाळ गावात कुणाच्या पायात काटा मोडो की कुरूप होवो, तो कमलबाईच्या ओट्यावर यायचा. सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की नेमका चटका द्यायचा. चाळीस वर्षं हात बसलेला. दिवाळीत धनराजच्या टाचेवर मसुराएवढा काळा ठिपका दिसला. दुखत नव्हता, खुपत नव्हता. आत काटा राहिला असेल म्हणून तिने चटका दिला. महिन्याने खपली पडली, पण ठिपका हलला नाही. उलट वेडावाकडा पसरला. एका अंगाला काळा, एका अंगाला तांबूस. तिला ते दिसलं होतं. तरी तिने दुसऱ्यांदा चटका दिला, मग तिसऱ्यांदा. आपल्याच घरात आपला बिब्बा लागू पडत नाही, हे गावाला कोणत्या तोंडाने सांगायचं? उन्हाळ्यात तिथून पाणी सुटलं, जांघेत गाठ आली, तेव्हा कुठे दोघं बिदरला आली.

डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला.

"कातडीचा कॅन्सर आहे, अप्पा."

धनराज हसलाच. "त्यो तंबाखूवाल्याला व्हतो म्हणत्यात. मी सुपारी बी खात न्हाई. तळपायाला कामून होईल?"

"तळव्याला होतो, नखाखाली होतो. ऊन लागत नाही तिथंही. दिवाळीतच आला असतात तर एवढंच कापलं असतं." तिने आपल्या अंगठ्याचं नख दाखवलं. "आता टाच जाईल, कदाचित पाऊलही. गाठी काढाव्या लागतील. पुढचं औषध कलबुर्गीला. त्यानंतरही किती दिवस मिळतील, आज सांगता येत नाही."

"बिब्ब्यानं झालं का वो?" कमलबाईने कसंबसं विचारलं.

"नाही. पण त्या डागापायी हे ओळखलं गेलं नाही. बिब्बा कुणी दिला?"

धनराज म्हणाला, "गावात एक बाई हाय. लई लोकांचं बरं केलंया तिनं."

बसमध्ये तिने विचारलं, "माझं नाव कामून घेतलं न्हाई?"

"घेतल्यानं पाय राहतो व्हय?"

ऑपरेशनला चार दिवस होते. सकाळी वरच्या आळीची मल्लेश्वरी ओट्यावर येऊन बसली. "अक्का, अंगठ्याला चटका दे की. घरात लगीन हाय, अन् मी लंगडायलेय."

कमलबाईने तिचा पाय उजेडाकडे वळवला. नखाखालची काळी रेघ कातडीवर उतरली होती.

"ठेच लागली व्हती?"

"न्हाई बा."

"मी चटका देत न्हाई. उद्याच बिदरला जा."

"आता भाव खायलीस व्हय म्हातारे?"

दाराशी धनराज बाजेवर बसला होता. पट्टी बदलायची म्हणून जखम उघडी होती. बाईमाणूस आलेलं बघून त्याने धोतराचा सोगा टाचेवर ओढून घेतला. कमलबाई उठली आणि तिने तो बाजूला केला. मल्लेश्वरीने पदर नाकाला लावला.

"डाग जाईना, तरी तीनदा चटके दिले मी," कमलबाई म्हणाली. "माझ्या हातानं दिले. ये, जवळून बघ."

मल्लेश्वरी जागची हलेना.

धनराजने पाय बाजेच्या कडेपर्यंत पुढे केला.