शनिवारचा दवाखाना

द्वारकाबाईनं डाव्या हातानं करंजी कढईत सोडली, ती काठावरून घसरली आणि तेल उसळलं. समोर बसलेली एस्तेर किंचाळून मागं सरकली.

"आये, तुझा हात!"

द्वारकाबाईनं हाताकडं पाहिलं. करंगळीच्या खाली, पंजाच्या कडेनं तेल ओघळत होतं. कातडं पांढरं पडलं आणि बघता बघता तिथं पाणी धरून फोड वर आला. ती त्या फोडाकडं बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तशी.

"दुखतंय का गं?" पाच वर्षांच्या पोरीनं फुंकर घालायला तोंड पुढं केलं.

"न्हाय," ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "दुखतंय. लई दुखतंय. सर तिकडं."

तिनं कढई खाली उतरवली आणि परसात गेली. कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मोडून घेतला. करंगळीला टोचला, तिच्या शेजारच्या बोटाला टोचला. मग पदर सारून कोपराच्या वर आलेल्या फिकट चट्ट्यावर टोचला. पावसाळ्यापासून तो तिथं होता. शिबं असंल म्हणून तिनं त्यावर गंधकाचं तेल लावलं होतं. काटा आत गेला, रक्ताचा ठिपका आला. तिनं काटा फेकून दिला आणि हात धुतले. मग पुन्हा धुतले.

तिच्या आईची थोरली बहीण अशीच, बोटं झडत झडत गेली होती. गावाबाहेर ओढ्याकाठी खोपट घालून दिलं होतं तिला. द्वारकाबाई लहानपणी भाकरी घेऊन जायची आणि लांबूनच दगडावर ठेवून पळत यायची.

नाताळ अकरा दिवसांवर होता. इंदापुरातल्या मिशनच्या शाळेत सावळाराम मास्तर होता आणि रविवारी उपदेशही करायचा. शाळेच्या टोकाच्या दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड होतं: तो, द्वारकाबाई, त्याची म्हातारी आई बनाबाई आणि एस्तेर. नाताळाला आसपासच्या खेड्यांतून चाळीस-पन्नास माणसं यायची. बारामतीच्या बाजूनं कालव्याकाठी गुऱ्हाळांवर कामाला असलेली कुटुंबंसुद्धा मालकाकडून एक दिवस मागून घेऊन यायची. त्या सगळ्यांचा फराळ आणि जेवण दर वर्षी द्वारकाबाईच्या हातचं असायचं.

ती घरात आली तेव्हा बनाबाई परातीत पीठ मळत होती.

"आत्याबाई, हात भाजलाय. मला काय आता कणकीत हात घालवंना. तुमी आन् शेजारची शकूबाई मिळून करा."

"बघू कितीसा भाजलाय."

"नगं," द्वारकाबाईनं हात पदराखाली घेतला. "चिघळंल."

केलेल्या करंज्यांचा डबा तिनं सगळ्यांच्या नजरेआड उकिरड्यात रिकामा केला आणि त्यावर राख ओढली. कुत्र्यानं नेल्या, असं सांगितलं. बनाबाईनं दिवसभर कुत्र्याला शिव्या घातल्या.

त्या दिवसापासून तिनं स्वतःची ताटली आणि तांब्या वेगळा काढला. एस्तेरला अंघोळ बनाबाई घालू लागली. अंथरूणही आजीशेजारी गेलं. पोर पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिनं आईच्या गळ्यात पडायला झेप घेतली आणि द्वारकाबाई ओरडली,

"शिवू नगंस मला!"

पेटीतून पुस्तकं काढत असलेल्या सावळारामनं मान वर केली. हा शब्द त्या घरात कुणी वापरत नव्हतं. गावच्या विहिरीवर, शाळेच्या पायरीवर, दुकानाच्या फळीपाशी तो त्या दोघांनी लहानपणी पुरेसा ऐकला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी पहिल्यांदा जर काही सुटलं असेल, तर तो शब्द सुटला, असं सावळाराम उपदेशात सांगायचा.

"काय बोललीस?" त्यानं विचारलं.

"हात दुखतोय. धक्का लागतो." ती भांड्यांकडं वळली.

सावळाराम पुन्हा पुस्तकं काढू लागला. कामं डोक्यावर होती. बारामतीला जाऊन रंगीत कागद आणि गॅसबत्ती आणायची होती, बांबूच्या कामट्यांचा तारा करायचा होता, मुलांची गाणी बसवायची होती. बाईचं काहीतरी बिनसलंय, सण झाला की विचारू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

डॉक्टरीणबाई दर शनिवारी इंदापूरला यायच्या. गोऱ्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून बसायच्या. नाताळाआधीच्या शनिवारी द्वारकाबाई बायकांच्या रांगेत उभी राहिली. पुढं दोघी उरल्या तेव्हा आतल्या वर्गात पोरांची तालीम सुरू झाली. एस्तेर देवदूत होणार होती. तिचा बारीक आवाज सगळ्यांच्या वर चढून मोडला आणि पोरं हसली. द्वारकाबाई रांगेतून निघाली.

"अगं, तुझा लंबर आला की," मागची बाई म्हणाली.

"बरं वाटतंय आता," ती म्हणाली.

आज सांगितलं तर आजच पाठवतील. सहा दिवसांनी काय बिघडणार होतं? पोरीचा पांढरा झगा निम्मा शिवून पडला होता. तो तिनं हाताला फडकं गुंडाळून, सुई फडक्यातून धरून शिवला आणि दोनदा उकळत्या पाण्यातून काढला. उन्हात वाळत घातला तेव्हा बनाबाई म्हणाली,

"नव्या कापडाला कुणी उकळतं व्हय? आटलं की गं ते."

झगा खरोखरच आटला होता. तिनं खालची पट्टी उसवून लांबी काढून दिली.

नाताळाच्या पहाटे गायनाची फेरी निघाली, मग भक्ती झाली, मग पंगती बसल्या. शकूबाईनं आमटी खारट केली होती आणि लोक द्वारकाबाईकडं बघत होते. ती दारापाशी उभी राहून, पाणी कमी आहे, पत्रावळी कमी आहेत, असं लांबूनच सांगत होती. दुपार कलल्यावर मुलांचं नाटक झालं. एस्तेर कागदी पंख लावून बाकावर चढली, मेंढपाळांना भिऊ नका म्हणाली, आणि पुढचं विसरून गेली. सावळारामनं पडद्याआडून ओळ सांगितली. तिनं ती एवढ्या मोठ्यानं म्हटली की सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या ऐकून पोर भान विसरली. बाकावरून उडी मारून ती गर्दीतून थेट आईकडं धावत सुटली. द्वारकाबाईनं तिला येताना पाहिलं. शेवटच्या क्षणी ती बाजूला झाली. एस्तेर दाराच्या चौकटीवर आदळली. ओठ फुटला, झग्यावर रक्त सांडलं. शकूबाईनं तिला उचललं. द्वारकाबाई दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती.

सावळाराम द्वारकाबाईला घरात घेऊन आला.

"सणासुदीचं, चार मानसांत, पोटच्या पोरीला आसं करतात व्हय? काय गुन्हा केला तिनं?"

द्वारकाबाईनं बाही वर केली. कोनाड्यातली सुई घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत चट्ट्यात खुपसली. सुई तशीच उभी राहिली.

बाहेर अंगणात पोरं खाऊसाठी कालवा करत होती. सावळाराम हळूच खाली बसला. मग त्यानं हात पुढं केला, तशी ती भिंतीकडं सरकली.

"कवापास्नं?"

"ठाऊक झालं करंज्या तळताना. उद्या शनिवार हाय. तुमी बी चला. आत्याबाईंना आन् पोरीला बी आना. घरच्या सगळ्यांना बघत्यात म्हनं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ओसरीवर न बसता वर्गाचं दार लावून घेतलं. द्वारकाबाईचं कोपर त्यांनी बोटांनी चाचपलं, आतली शीर दाबून पाहिली, डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं हात तपासला. त्या सावकाश, शब्द जुळवून मराठी बोलायच्या.

"तुम्हाला कळलं आहे, नाही का?"

"व्हय."

"आता औषध आहे. सुया टोचतात, तेलाच्या. वेळ लागतो. पुण्याजवळ दवाखाना आहे, तिथं राहावं लागेल."

"किती दिस?"

"वर्षं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन, तीन. मी खोटं सांगणार नाही."

मग त्यांनी सावळारामला तपासलं, बनाबाईला तपासलं. दोघांना काही नव्हतं. शेवटी एस्तेरला टेबलावर उभं केलं. सुजलेल्या ओठानं ती बापाकडं बघत होती.

"आपण खेळ खेळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तू डोळे मिटायचे. मी कापूस लावला की बोट ठेवून दाखवायचं, कुठं."

गालावर लावला, पोरीनं गालावर बोट ठेवलं. पोटावर लावला, ती गुदगुल्या होऊन हसली. खांदा, गुडघा, टाच. सगळं बरोबर आलं. कमरेच्या खाली, मागच्या बाजूला, रुपयाएवढा फिकट डाग होता. दसऱ्याच्या सुमारास द्वारकाबाईनं तो पाहिला होता आणि जंतांचा म्हणून सोडून दिला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोळा फिरवला. एस्तेर डोळे मिटून वाट बघत राहिली.

"लावा की," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा लावला. मग सुईचं टोक लावलं.

"लावा की वो."

बनाबाईनं तोंडात पदर कोंबला. सावळाराम फळ्याला टेकला. पाठीवर खडू उमटला तरी त्याला कळलं नाही.

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी चष्मा काढला. "सोमवारी गाडीची सोय करते," त्या म्हणाल्या. "दोघींची."

मग द्वारकाबाईनं विचारलं,

"तितं बाया आन् पोरं येगळी ठेवत्यात का?"

"निरोगी मुलं वेगळी ठेवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी एस्तेरकडं पाहिलं. "हिला तुमच्याजवळच ठेवतील."

द्वारकाबाई टेबलापाशी गेली आणि तिनं हात पुढं केले. एस्तेर अंग चोरून उभी राहिली, आधी बापाकडं, मग आजीकडं बघू लागली. द्वारकाबाईनं तिला ओढून कडेवर घेतलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं, आणि बारा दिवसांत विंचरायला न मिळालेले तिचे केस बोटांनी सोडवू लागली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हिची दोनी झबली काढून ठेवा. आन् ती जाड वाकळ बी. तितं गारठा आसंल. आमी दोगी एकीतच निजू."

तिचा आवाज मोकळा झाला होता, लेकीला घेऊन माहेरी निघालेल्या बाईचा असतो तसा. सावळारामनं एकदा तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि मग पाहवेना म्हणून तो दार उघडून ओसरीवर गेला. बाहेर रांगेतल्या बायका वाट बघत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, अजून किती वेळ लागंल.